लगागा आणि नववी मुलगी

सोमवार, १० नोव्हेंबर १९८६

दिवाळी सरली आणि पटांगण पुन्हा आमचं झालं. फटाक्यांच्या कागदांचा एवढा खच पडला होता की आपल्या पंतनगरात कोणी गरीब राहतो असं वाटू नये. सकाळी मी आणि सुगंधाने मिळून सगळं झाडलं, मधली रेघ चुन्याने आखली, दोन्ही टोकांना खांब रोवले. सुगंधा परब आमच्या मंडळाच्या मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार. दहावीत आहे, आणि बोलते मात्र हेडमास्तरणीसारखी.

हात झटकत म्हणाली, "नाना, खांब झाले. आता खेळायचं कोणी? आठच आहोत आपण."

खरंच की. लताच्या घरचे गणपतीनंतर बोरिवलीला राहायला गेले. खो-खोला नऊ लागतात. आठ जणी रेघेवर आलटून पालटून उलट्या तोंडाने बसतात, नववी पळणाऱ्यांच्या मागे लागते, दमली की बसलेलीच्या पाठीवर हात मारून "खो" म्हणते आणि तिच्या जागी बसते. त्यात एक कमी म्हणजे शार्दूलविक्रीडितात एक अक्षर कमी. वाचणारा तिथेच ठेचकाळणार.

हे मी सुगंधाला म्हटलं. ती म्हणाली, "नाना, अक्षर नको, पोरगी आणा."

संध्याकाळी आठ जणींचाच सराव घेतला. मी कडेला खुर्ची टाकून बसलो आणि पहिलं "लगागा लगागा लगागा लगागा" दिलं. आठही जणींचे पाय एकदम वळले. अंगावर काटा आला. मालवणच्या शाळेत आमचे गुरुजी छडीने टेबलावर ठोके देऊन वृत्तं शिकवायचे. ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू. खिडकीतून खाडीचा वास यायचा आणि चाळीस पोरं एका आवाजात भुजंगप्रयात म्हणायची. पुढे टपाल खात्यात छत्तीस वर्षं शिक्के मारले, तेही त्याच ठेक्यावर. अर्थ विसरतात, ठेका विसरत नाही.

चार वर्षांपूर्वी हीच युक्ती पोरींना शिकवली. मी "लगागा" म्हटलं की पळणारीने बसलेल्यांमधून नागमोडी धावायचं. भुजंगप्रयात म्हणजे सापाचीच चाल. आणि "गागागागा लललललगा" अशी मंदाक्रांता लावली की खांबाभोवती गोल फिरत दम खायचा. साऱ्या उपनगरात आमच्या मुलींना "लगागावाल्या" म्हणतात. दुसऱ्या कुठल्या संघाला असं काव्यमय नाव आहे?

बुधवार, १२ नोव्हेंबर

मुलगी मिळाली!

बस डेपोतले अंबादास साळवे मागच्या महिन्यात चेंबूरहून आमच्या शेजारच्या चाळीत राहायला आले. आज ते आपल्या मुलीला घेऊन पटांगणात आले. नंदा नाव. नववीत आहे. अंगाने काटकुळी, केसांना करकचून लाल रिबिनी.

साळवे म्हणाले, "नाना, हिला खेळू द्या. चेंबूरला शाळेच्या संघात होती. पळती चांगली."

"मग तिथला संघ का सोडला?"

साळवे घुटमळले. "घर बदललं ना."

मी नंदाला विचारलं, "काय गं, कोणती कविता येते?" ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग जरा सपाट आवाजात म्हणाली, "कुठलीपण म्हणा, मी बघते." मराठवाड्याकडची बोलण्याची धाटणी असावी.

पळवून पाहिली. काय सांगू! सुगंधा मागे लागली, तर नंदा तिच्या खांद्याकडे बघूनच ओळखायची की ही आता कुठे वळणार. सुगंधासारखी सुगंधा, तिला तीन मिनिटं हात लावता आला नाही. शेवटी धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही पोरगी आहे की पारा?"

नववं अक्षर मिळालं.

रविवार, १६ नोव्हेंबर

रविवारी दुपारी पोरी आमच्याकडे येतात. रुक्मिणी घावणे करते आणि मी कविता म्हणतो. पोरी कशासाठी येतात याबद्दल आम्हा नवराबायकोत मतभेद आहेत.

आज नंदाही आली होती. लिहायला हात शिवशिवतोय, कारण इतक्या वर्षांत मला असा श्रोता मिळालेला नाही. बाकीच्यांची चुळबुळ चालते, घावण्यावर डोळा असतो. ही समोर मांडी घालून बसली आणि नजर माझ्या ओठांवरून हलेना. मी प्रत्येक चरण सावकाश, तोंड उघडून म्हणायला लागलो, कारण ऐकणारं माणूस असं असलं की म्हणणाराही सुधारतो.

मध्येच स्वयंपाकघराच्या दारात रुक्मिणीच्या हातून स्टीलचं मोठं ताट पडलं. नंदाच्या अगदी पाठीमागे. बाकीच्या पोरी किंचाळल्याच. नंदाची पापणी लवली नाही. कवितेत माणूस इतकं बुडू शकतं!

पोरी गेल्यावर रुक्मिणीला म्हटलं, "बघितलंस? याला म्हणतात रसिक."

ती म्हणाली, "तुमचां डोक्यां खय असतां ओ? ती कविता बघता, ऐकणा नाय."

तिला माझ्या कविता पहिल्यापासूनच खपत नाहीत.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तक्रार लिहावी लागते आहे. नंदा माझं ऐकत नाही.

पळताना मी लगागा देतो, ती खांबाला गोल घालते. मंदाक्रांता लावतो, ती नागमोडी सुटते. दोन जणी माझ्या शब्दाबरोबर वळतात आणि तिसरी भलतीकडेच. हाक मारली तरी मान वळवत नाही. जवळ जाऊन समोर उभा राहिलो की मात्र हसते, मान डोलावते, "हो नाना" म्हणते.

दुसरी खोड म्हणजे बसलेली असताना पाठीला हात लागला की उठतेच. "खो" हा शब्द यायच्या आत. नियम असा की हात आणि शब्द दोन्ही हवेत, त्याआधी उठली की फाऊल. आज चार वेळा झालं. सुगंधा तापली.

"घाई कसली एवढी? शब्द ऐकू दे ना आधी!"

नंदा खाली बघून नुसती बुटाची नाडी बांधत राहिली. नाडी सुटलेली नव्हती.

"बघा नाना, उत्तरसुद्धा देत नाही. भाव किती खाते!"

मी म्हटलं, रुळेल. नवा शब्द कवितेत रुळायला वेळ लागतो. मनातून मलाही लागलं. घरी एवढा जीव लावून ऐकणारी पोर मैदानावर आपल्याला जुमानत नाही, याचा अर्थ काय लावायचा?

मंगळवार, २ डिसेंबर

मंडळाचे सेक्रेटरी मार्तंडराव चहाला आले होते. जानेवारीत भांडुपला उपनगरातल्या संघांच्या स्पर्धा आहेत. पंधरा तारखेपर्यंत नावं द्यायची. मार्तंडरावांना काळजी मुलुंडच्या संघाची. सलग दोन वर्षं आम्ही उपांत्य फेरीत त्यांच्याकडून हरलो.

"नाना, इतरांशी आपल्या मुली वाघिणीसारख्या खेळतात, मुलुंड समोर आलं की मांजरी होतात. हे काय गौडबंगाल?"

मलाही उमगलेलं नाही. मुलुंडचे मार्गदर्शक शिवदास मास्तर सज्जन माणूस. खरं तर माझे चाहतेच. मागच्या वर्षी सामन्यात मी "लगागा" म्हटलं की तेही पलीकडे बसून ओठ हलवायचे. त्यांच्या पोरींना सगळी वृत्तं तोंडपाठ झालीत म्हणे. प्रतिस्पर्ध्यातसुद्धा रसिक निघावेत, यासारखं सुख नाही.

रुक्मिणीने चहाची कपबशी जरा जोरातच ठेवली.

रविवार, ७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर, साळव्यांच्या घरचे सगळे चैत्यभूमीला गेले होते. नंदा थकली असेल असं वाटलं होतं, पण आज सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर.

मुलुंडचा संघ मैत्रीच्या सामन्याला आला होता. आम्ही सपाटून हरलो. मी घसा फोडून वृत्तं देत होतो आणि आमच्या पोरी वळल्या रे वळल्या की मुलुंडची पोरगी नेमकी त्याच जागी हात पुढे करून उभी. "लगागा" म्हटलं, सुगंधा बाद. "गागागागा" म्हटलं, आमची वनमाला खांबाजवळ बाद. आमच्या भिडूंच्या नशिबाला काय झालंय कळत नाही.

एकटी नंदा शेवटपर्यंत टिकली. तिच्या नशिबाने. पण माझी एकही सूचना तिने पाळली नाही. शिवदास मास्तर सामन्यानंतर म्हणाले, "नाना, तुमची ती लाल रिबीनवाली कोण हो? तिची चाल काही लागत नाही." मी ओशाळून म्हटलं, "नवीन आहे, शिस्त लागायची आहे."

मार्तंडरावांशी बोललो. त्यांचं म्हणणं, न ऐकणारा खेळाडू कितीही चांगला असला तरी संघाची घडी मोडतो. मलाही पटलं. आठ जणी एका ठेक्यात आणि नववी बेसूर, हे काव्य नव्हे. तिचं नाव द्यायचं नाही असं ठरवलं. साळव्यांना उद्या घरी बोलावलं आहे. पोरीला वाईट वाटेल. मला आत्ताच वाटतंय.

सोमवार, ८ डिसेंबर

काय लिहू?

साळवे डेपोतून परस्पर आले, खाकी कपड्यांतच. मी प्रस्तावना करत होतो, शिस्त, संघभावना वगैरे. त्यांनी मध्येच हात जोडले.

"नाना, ती ऐकत नाही, कारण तिला ऐकू येत नाही."

पाच वर्षांची असताना ताप डोक्यात गेला. उजवा कान पार गेला, डाव्याने कोणी कानाशी ओरडलं तर थोडंफार. बोलायला आधीच शिकली होती म्हणून बोलते. समोरच्याचे ओठ बघून समजून घेते. शाळेत पहिल्या बाकावर बसते, पहिल्या पाचात असते.

"चेंबूरला संघात होती. तिथं सरांना कळलं, त्यांनी काढलं. शिट्टी ऐकू येत नाही, कोणाला लागलं तर जबाबदारी कोणाची म्हणाले. पोरगी महिनाभर मैदानाच्या भिंतीवर बसून बघायची नुसती. तिनंच मला शपथ घातली, इथं सांगायचं नाही म्हणून."

साळवे उठले. दारात म्हणाले, "नाना, तुमचं रविवारचं तिला लई आवडतं बरं का. म्हणते, नाना बोलतात ते सगळं दिसतं. दुसरं कोणी इतकं सावकाश बोलत नाही."

ते गेल्यावर मी खिडकीशी जाऊन बसलो. रुक्मिणी शेजारी येऊन तांदूळ निवडायला लागली.

"तुला माहीत होतं?"

"तां ताट पडूक नाय, मीच पाडलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलंय की. तुमका ऐकाक येणा नाय."

बुधवार, १० डिसेंबर

संध्याकाळी पोरींना गोल बसवलं. नंदाला मुद्दाम माझ्यासमोर, उजेडाकडे तोंड करून. आधी तिला विचारलं, सांगू का? तिने सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली आणि स्वतःच म्हणाली, "मला ऐकू येत नाही. काढायचं असेल तर आत्ता काढा. सामन्याच्या दिवशी काढू नका."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सुगंधा तर लालच झाली. तिला "भाव खाते" आठवलं असणार.

मार्तंडराव होतेच. माणूस वाईट नाही, पण मंडळाचा शिक्का त्यांच्याकडे आहे. म्हणाले, "पोरीबद्दल सहानुभूती आहे. पण पंचांची शिट्टी? शिवाय नानांच्या सूचना तिला ऐकू येणार नाहीत. आपल्या संघाचा सगळा खेळ त्याच्यावर."

मीही मान हलवली. खरं होतं ते.

तेव्हा सुगंधा उठली. "शिट्टी वाजली की जी जवळ असेल ती हात वर करेल. त्यात काय मोठं? आणि नानांच्या सूचना..." ती थांबली, बाकीच्यांकडे पाहिलं. वनमाला तिचा फ्रॉक ओढत होती, "नको ना गं, नको."

"नको कशाला? सांगायलाच पाहिजे. नाना, राग मानू नका. मुलुंडच्या पोरींना तुमचं लगागा आमच्यापेक्षा पाठ आहे. दोन वर्षं झाली. तुम्ही म्हटलं की त्यांना कळतं आम्ही कुठे वळणार. जाऊन उभ्याच राहतात. रविवारी नंदा का टिकली? तिला ऐकू येत नाही म्हणून टिकली."

"मग तुम्ही वळता कशाला?"

"मुद्दाम नाही वळत! चार वर्षांची सवय आहे. तुमचा आवाज आला की पाय वळतातच. तुम्ही नुसतं खोकलात तरी वळतील."

"आणि मला कोणी सांगितलं का नाही?"

वनमाला हळूच म्हणाली, "तुम्ही किती जीव तोडून म्हणता, नाना."

मी खुर्ची घडी करून घरी आलो. शिवदास मास्तरांचे हलणारे ओठ डोळ्यांपुढून जात नाहीत. रसिक!

शुक्रवार, १२ डिसेंबर

मैदानावर गेलो नाही. गुडघा दुखतो असं कळवलं. रुक्मिणीने गुडघ्याला तेल चोळलं. कुठला गुडघा ते विचारलं नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

नावं द्यायचा शेवटचा दिवस. सकाळी मार्तंडरावांकडे गेलो. त्यांनी आठ नावं लिहून ठेवली होती, नवव्या जागी माझी वाट पाहत होते. म्हणाले, भांडुपची एक मुलगी आहे, उसनी घेता येईल, सगळे संघ करतात. मी म्हटलं, उसन्या अक्षराने वृत्त पुरं होतं, कविता होत नाही. नंदा अंबादास साळवे लिहा.

"आणि शिट्टीचं?"

"मी बसतो ना कडेला."

"तुम्ही कडेला बसून काय करणार, नाना?"

"गप्प बसणार."

मार्तंडरावांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नसावा. पण नाव लिहिलं.

संध्याकाळी पटांगणात गेलो. पोरींनी गुडघ्याची चौकशी केली, सगळ्यांचे चेहरे अपराधी. नंदा जवळ येऊन समोर उभी राहिली.

"नाना, रविवारचं बंद नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं. सावकाश, तोंड उघडून.

बुधवार, १४ जानेवारी १९८७

मध्ये लिहिणं झालं नाही, सरावातच दिवस गेले.

पळण्यात नंदाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न खोचा. ती पाठमोरी बसलेली, मागून हात लागला की उठणार. शब्द आला की नाही हे तिला कसं कळावं? सुगंधाने तोड काढली. नियम आपल्याकडचा आपण पाळायचा. नंदाला खो देणारीने "खो" म्हणतच हात ठेवायचा, आधी नाही आणि नंतर नाही. म्हणजे हात लागला याचा अर्थ शब्द आलाच. नंदाने बेलाशक उठावं. रोज शंभर वेळा घोटून घेतात. आता इतर कोणालाही खो देताना तसाच देतात. फाऊल जवळजवळ बंदच झालेत.

मी गप्प बसतो. कठीण आहे. परवा सुगंधा पळत होती आणि माझ्या तोंडून "लगा" एवढंच निघालं, तर बिचारी गर्रकन वळून वनमालावर आदळली.

आज संक्रांत. पोरी तिळगूळ घेऊन आल्या. सगळ्यांनी "गोड बोला" म्हटलं आणि मग जीभ चावली.

शनिवार, २४ जानेवारी

मुलुंडला हरवलं! उपांत्य फेरीत, भांडुपला, मुलुंडच्या दाराशी!

निघताना रुक्मिणीने एक भलीमोठी आवळ्याची सुपारी माझ्या तोंडात कोंबली आणि चार हातात दिल्या. "एक संपली की दुसरी. तोंड उघडूचा नाय."

मी खुर्चीवर बसून चघळत राहिलो. पलीकडे शिवदास मास्तर कान टवकारून बसलेले. त्यांच्या पोरी पाठलागाला उठल्या की माझ्याकडे बघायच्या. माझ्याकडून काही येईना. सुगंधा मनाला येईल तिकडे वळत होती. वनमाला पहिल्यांदा बिचकली, मग खांबापाशी अशी काही हुलकावणी दिली की टाळ्या पडल्या. मला हे कधी दिसलंच नव्हतं. या पोरींना स्वतःची चाल आहे, प्रत्येकीची निराळी.

नंदा शेवटच्या तुकडीत होती. बादच झाली नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी पळतच होती, तेव्हा वनमालाने दोन्ही हात वर करून तिला मिठीच मारली.

शिवदास मास्तर हात मिळवायला आले. "काय नाना, आज घसा बसला वाटतं?"

तोंडात सुपारी होती. मी नुसता हसलो. खूप दिवसांनी इतकं मनापासून हसलो असेन.

रविवार, २५ जानेवारी

अंतिम सामना अंधेरीच्या संघाशी. एका गुणाने हरलो. कसे ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्यापासून लोक आपापल्या परीने सांगतील.

शेवटची पाळी पाठलागाची होती. बरोबरी झाली होती, अंधेरीची एकच मुलगी उरलेली, जेमतेम अर्धा मिनिट शिल्लक. ती बाद झाली की करंडक आमचा. सुगंधा तिच्यामागे. दमलेली, चेहरा पांढरा पडलेला. ती मुलगी वळली, नेमकी नंदाच्या पुढ्यात. सुगंधाने झेपावून नंदाच्या पाठीवर हात ठेवला. नंदा उसळली, सूर मारला आणि त्या मुलीच्या टाचेला हात लावला.

शिट्टी. फाऊल.

सुगंधाच्या तोंडून शब्दच निघाला नव्हता. दमच उरला नव्हता तिच्यात. हात होता, "खो" नव्हता. बाद धरलं नाही. आणि फाऊल म्हणून पाठलाग उलट्या दिशेने, तेवढ्यात वेळ संपली. मग जादा पाळीत एका गुणाने गेलो.

ते सगळं ठीक. मला आठवतंय ते वेगळंच. शिट्टी झाली तेव्हा सगळं मैदान जागच्या जागी थांबलं आणि एकटी नंदा दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. धुळीने माखलेली, एक रिबीन सुटलेली, आनंदाने वेडी झालेली. शिट्टी झाली की जवळच्या मुलीने हात वर करायचं ठरलं होतं, पण कोणाचाच हात वर जाईना. मीही सुपारी तशीच गालात धरून बसलो. शेवटी तिलाच आमचे चेहरे दिसले. तिचे हात सावकाश खाली आले.

सामना संपल्यावर मैदानाच्या कडेला मार्तंडराव सुस्कारा सोडून म्हणाले, "मी म्हटलं होतं, नाना. शब्दाआधी उठली."

नंदा त्यांच्या ओठांकडेच बघत होती.

सुगंधा जमिनीवर बसली होती, ती उठली. "काका, ती बरोबर उठली. आमचं ठरलंय, हात लागला की उठायचं. शब्द माझा होता. तो मी खाल्ला. फाऊल माझा."

"अगं, पण तिला ऐकू आलं असतं तर..."

"मला ऐकू येतं ना? मग मी काय केलं?" आणि मग रडवेल्या आवाजात, पण नंदाकडे तोंड करून, तिला दिसेल असं म्हणाली, "पुढच्या वर्षी पहिल्या तुकडीत पळायचंस तू. माझ्याबरोबर. कळलं?"

नंदा म्हणाली, "परत म्हण."

सुगंधाने परत म्हटलं.

मार्तंडरावांनी चष्मा काढून पुसला. परतताना सगळ्यांना उसाचा रस त्यांनीच पाजला.

रविवार, १ फेब्रुवारी

आज पोरी घरी यायच्या, पण सकाळीच बोलावणं आलं. "नाना, खुर्ची घेऊन पटांगणात या. काम आहे."

गेलो. सुगंधाच्या हातात कापसाचा पुडा. पोरींनी रांगेने कानांत बोळे घातले आणि वरून ओढण्या, रुमाल करकचून बांधले. वनमाला तर दाढदुखीच्या जाहिरातीतल्यासारखी दिसत होती.

"हे काय गं?"

सुगंधाने एका कानावरचा रुमाल बाजूला केला. "आजपासून असाच सराव. एक तर नंदाला कसं वाटतं ते कळेल. दुसरं, हात आणि डोळे यांच्यावरच खेळायला शिकलं पाहिजे. आणि तिसरं म्हणजे नाना, तुमची सवय पायातून गेली पाहिजे. तुम्ही म्हणा."

"काय म्हणू?"

"काय वाट्टेल ते. मोठ्याने. आम्ही वळलो तर आमचं चुकलं."

रुमाल परत बांधून ती पळाली.

आधी चाचरलो. दबकत एक "लगागा" दिला. कोणी वळलं नाही. आणखी मोठ्याने दिला. वनमाला खांबाशी गोल फिरत राहिली, सुगंधा मधल्या रेघेवरून सुसाट. मग म्हटलं, जाऊ दे. उभा राहिलो, खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला आणि सुरू केलं. तुकडे नव्हे, हुकूम नव्हे. मालवणच्या शाळेत शिकलेल्या सगळ्याच्या सगळ्या कविता, पहिल्या चरणापासून शेवटच्यापर्यंत, एकीमागून एक. गॅलऱ्यांमधून लोक बाहेर आले. रुक्मिणी तिसऱ्या मजल्यावरून पदर तोंडाला लावून हसत होती. समोर पोरी धावत होत्या, प्रत्येक जण आपल्या चालीने, आणि एकीचाही पाय माझ्या शब्दाला अडत नव्हता.

रेघेवर बसलेली नंदा मात्र मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्याही कानांत बोळे होते. बाकीच्यांनी घातले म्हणून तिनेही हट्टाने घातलेले. पाठीवर हात पडला तशी ती उठली आणि पळाली. तिची पाळी संपून ती पुन्हा बसेपर्यंत मी त्या कडव्यावर थांबून राहिलो, मग पुढचं म्हटलं.